मुठीतली ऊब

"तू पाठवलेल्या त्या एवढ्याएवढ्याशा वस्तूंनी मला जगवलं गं, पोरी… नाहीतर मी केव्हाच गेले असते!"

आई दोन्ही हातांनी धाकटीचा चेहरा चाचपत होती. कपाळ, भुवया, ओल्या पापण्या, हनुवटीवरचा लहानपणीचा व्रण… एकेक खूण सापडत गेली तसतसा तिचा आंधळा चेहरा असा काही उजळत गेला, की दारात पाण्याचा पेला घेऊन उभ्या असलेल्या थोरलीच्या हातातलं पाणी हिंदकळलं आणि तिच्याच पावलावर सांडलं.

धाकटीने भांबावून वर पाहिलं. वस्तू? कसल्या वस्तू? घर सोडून गेल्यापासून तिने या घरी साधी चार अक्षरंही धाडली नव्हती. तिच्या ओठांवर प्रश्न आलाच होता, तेवढ्यात तिची नजर दाराकडे गेली.

थोरलीने ओठांवर बोट ठेवलं होतं. आणि डोळ्यांत… डोळ्यांत अशी काही याचना होती, की एवढी वर्षं दूर राहिलेली बहीणही ती ओळखू शकली.

"हो आई," धाकटी हळूच म्हणाली. "मीच पाठवायचे."

"ती वाळकी शेंग कुठं मिळाली गं तुला? हलवली की खुळखुळायची ती?"

"ती… ती झाडाखाली."

"आणि तो लोखंडी गोल मणी? गुळगुळीत, पाण्याच्या थेंबासारखा?"

"दुकानात दिसला. आवडला, म्हणून घेतला."

थोरलीने डोळे मिटून घेतले. मणी रस्त्यात सापडला होता, कुठल्याशा चाकातून निखळलेला, आणि 'धाकटीला रस्त्यात सापडला' असंच तिने त्या वेळी आईला सांगितलं होतं. पण आई नुसती हसली, धाकटीचा हात तिने आणखी घट्ट धरला आणि ज्या वाक्यासाठी थोरलीची कसलीच तयारी नव्हती ते वाक्य ती अगदी सहज बोलून गेली.

"मला आता तुझ्याकडे घेऊन चल. उरलेले दिवस तुझ्याजवळ काढीन म्हणते."

पेला खाली ठेवायला थोरलीला जागाच सापडेना.

*

या घरात मुठीचा खेळ फार जुना. दोघी बहिणी लहान होत्या तेव्हा आई शिवणाच्या कारखान्यातून संध्याकाळी घरी यायची ती एक मूठ मिटूनच. आत कधी रंगीत दोऱ्याचा गुंता, कधी फुटकं बटण, कधी रस्त्यात मिळालेलं पीस. पोरींनी मुठीभोवती नाचत म्हणायचं,

"उघड गं मुठी, उघड गं बाई,
आत काय लपलंय, सांगत का नाही?"

आणि मग एकेक बोट उलगडायचं. मूठ उघडायचा मान मात्र नेहमी धाकटीचा! "ती लहान आहे ना…" आई म्हणायची. थोरली मागे उभी राहून टाचा उंचावून पाहायची. लहान असणं कधीतरी संपतं, आपलीही पाळी येते, असं तिला त्या वयात वाटत होतं.

धाकटी मोठी झाली, एका फोटोवाल्याच्या प्रेमात पडली आणि एका दुपारी हातात एक बॅग घेऊन लांबच्या गावाला जाणाऱ्या बसमध्ये चढली. आईने दारातून ओरडून सांगितलं, "पुन्हा तोंड दाखवू नकोस मला!" धाकटी हट्टी. तिने शब्द पाळला.

त्यानंतर आईच्या डोळ्यांतला दाब वाढत गेला. औषधं झाली, ऑपरेशन झालं, आणि एका हिवाळ्यात खिडकीची चौकटसुद्धा दिसेनाशी झाली. "तोंड दाखवू नकोस म्हटलं, आणि देवानं माझं ऐकलं बघ," आई म्हणाली. "सगळ्यांचीच तोंडं घेऊन गेला." ती हसून म्हणाली, पण त्या दिवसापासून तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. जेवणाचं ताट जसंच्या तसं परत यायचं. एकच प्रश्न, सकाळ-संध्याकाळ… "आली का गं तिची काही खबर?"

"नाही, आई."

हे 'नाही' रोज उच्चारणं म्हणजे रोज स्वतःच्या हाताने आईच्या तोंडचा घास काढून घेणं होतं.

थोरली खुर्च्यांच्या कारखान्यात पॉलिशचं काम करायची. लाकूड आधी काचकागदाने घासायचं, घासून घासून गालासारखं मऊ करायचं. मग स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख कापसाच्या बोळ्याने चढवायची, पातळ, इतकी पातळ की एका हाताने काही झालंसं वाटूच नये. वाळली की पुन्हा घासायचं, पुन्हा एक हात. त्या घासण्यात तिच्या बोटांच्या टोकांवरच्या रेषा पुसून गेल्या होत्या आणि स्पिरिटचा उग्र वास तिच्या कातडीत मुरला होता.

एका संध्याकाळी ती घरी आली आणि आईच्या खाटेशी वाकली, तेव्हा तिच्या एप्रनला अडकलेला रंध्याचा एक छिलका आईच्या हाताला लागला. पातळ, कुरळा, केसाच्या बटेसारखा वळलेला लाकडाचा छिलका.

"हे काय आहे?" आईने विचारलं. कितीतरी दिवसांनी तिने दुसरं काहीतरी विचारलं होतं!

आणि थोरलीच्या तोंडून निघून गेलं, "धाकटीनं पाठवलंय. लांबच्या गाडीच्या ड्रायव्हरबरोबर."

का म्हणाली ती असं? पुढे आयुष्यभर तिने स्वतःला हे विचारलं. पण त्या क्षणी आई उठून बसली. छिलका नाकाशी नेला, गालावर फिरवला, उलगडून सोडला, तो पुन्हा वळला तशी लहान मुलीसारखी हसली. "केस पाठवलेत बघ लाकडाचे! वेडी कुठली… अजून तशीच आहे." आणि मग, "थोरले, भूक लागलीय गं."

त्या रात्री आई जेवली. थोरलीला ताट घासताना तोंडात काही नसतानाही कसलीतरी कडू चव लागत राहिली.

*

एकदा खोटं बोललं की ते रोज वाढावं लागतं. थोरली कारखान्यातून निघताना नळावर साबण लावून लावून हात धुवायची आणि मग त्याच दोन गल्ल्यांतून, त्याच पुलावरून, त्याच दिव्याच्या खांबांखालून मान खाली घालून शोधत शोधत यायची. सुरुवातीला ही चोरीच होती, आईच्या जिवासाठी केलेली. पण हळूहळू काय झालं ते तिचं तिलाच कळलं नाही. ज्या रस्त्याने ती इतकी वर्षं नुसती गेली होती, तो रस्ता तिला काही काही देऊ लागला! शिंप्याच्या पायरीशी पडलेला खडू, झिजून झिजून चंद्रकोरीसारखा झालेला. पुलाच्या कठड्यावरच्या शेवाळाचा एक ओला, मखमली तुकडा. गोगलगायीचा रिकामा शंख. फुटलेल्या कपाचा नुसता कान. पांढऱ्या रेघेचा काळा खडा, जणू कुणी त्याला दोऱ्याने बांधून ठेवलंय, आतला जीव पळून जाऊ नये म्हणून. ती थबकायची, उचलायची, कुणी पाहू नये म्हणून मूठ मिटून घ्यायची आणि घरापर्यंत ती मूठ उघडायची नाही.

दारात पाऊल पडलं की आई म्हणायची, "गाडी आली होती?"

"आली होती."

मग आई तिची मूठ आपल्या मांडीवर घ्यायची आणि जुनं गाणं पुटपुटत एकेक बोट उलगडायची. शंख तिने कानाशी धरला. "यात कुणीतरी राहून गेलंय. घर झाडून, आवरून गेलंय हो, चांगल्या वळणाचं दिसतं!" कपाचा कान चाचपून म्हणाली, "आता हा कुणाचं ऐकणार बिचारा?" दोघी हसल्या. ते हसू खरं होतं. तेवढं एकच या घरात खरं होतं.

आणि त्या हसण्याच्या शेपटाला रोज काटा असायचा.

"धाकटीचे डोळेच वेगळे गं… एवढ्या संसारातून तिला हे दिसतं. आणि तू? रोज त्याच रस्त्यानं येतेस-जातेस. तुला कधी काही दिसलं?"

"नाही, आई. मला नाही दिसलं."

"तुझं सगळं लक्ष त्या खुर्च्यांत."

अंतःकरण पिळवटून निघावं असं ते वाक्य थोरली मुकाट्याने गिळायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मान खाली घालून रस्ता शोधायची. कारण आई जेवत होती. आई सकाळी उठून खुर्चीत बसत होती. थोरलीने स्वतः पॉलिश केलेल्या हाताच्या खुर्चीत, खिडकीशी, गाडीची वाट पाहत.

एकदाच तिचं भान सुटलं होतं. सुट्टीच्या जरा आधी आभाळ फाटलं आणि गारा पडल्या. कारखान्याच्या पत्र्यावर ताशे वाजावेत तसा गजर! सुट्टी झाली तेव्हा अंगणाच्या कोपऱ्यात अजून एक टपोरी गार उरली होती, आत पांढरं बुबुळ असलेली, डोळ्यासारखी. थोरलीला इतका आनंद झाला, इतका की ती लहान पोरीसारखी धावत सुटली, हात बधिर झाला तरी मूठ सोडली नाही. धापा टाकत तिने ती आईच्या तळहातावर ठेवली. "धाकटीनं पाठवलंय!"

 आईने मूठ मिटली आणि सगळं पाणी बोटांतून ओघळून जाईपर्यंत मिटूनच ठेवली. "गोड आहे पोर," एवढंच म्हणाली.

*

कारखान्यात एक सुतार होता. बोलायला कमी, रंधा मारताना शीळ घालणारा, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मुठीची गोष्ट साऱ्या जगात एकट्या त्यालाच ठाऊक होती. कधी तो लाकडातली गाठ कापून तिच्या टेबलावर ठेवायचा, "आज पाऊस आहे, रस्त्यात काही मिळायचं नाही. हे घेऊन जा." त्या गाठीत वर्तुळात वर्तुळ, वर्तुळात वर्तुळ… थोरली ती पाहत राहायची आणि तो तिच्याकडे.

एक दिवस त्याला दुसऱ्या गावच्या मोठ्या कारखान्यातून बोलावणं आलं. तो म्हणाला, "चल माझ्याबरोबर. आईलाही घेऊन चल. पण खरं काय ते सांगून चल."

"खरं सांगितलं तर ती मरेल हो."

"आणि नाही सांगितलंस तर तू. रोज संध्याकाळी त्या दारात तू स्वतःला पुसून टाकतेस. ते बघत मला नाही राहता यायचं आपल्या नव्या घरात."

त्या संध्याकाळी थोरली मनाशी ठरवून घरी गेली. उंबऱ्यात उभी राहून तिने श्वास घेतला… आणि खिडकीतून आईचा आवाज आला. शेजारच्या काकूंना ती सांगत होती, "माझी धाकटी आहे म्हणून मी आहे हो. थोरली करते सगळं, नाही म्हणत नाही. पण करणं निराळं आणि आठवण काढणं निराळं!"

थोरली आत गेली. आईने मूठ मांडीवर घेतली, एकेक बोट उलगडलं. आत काही नव्हतं.

"आज गाडी नाही आली," थोरली म्हणाली.

"बरं," आई म्हणाली, आणि नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ तिने तो रिकामा हात धरून ठेवला.

सुतार गेला. त्याच्या जागी दुसरा आला, तो शीळ घालत नसे.

*

"ताई, हे सगळं काय आहे?" स्वयंपाकघरात शिरताच धाकटीने दार लोटलं. तिच्या केसांत पांढऱ्या बटा आल्या होत्या. फोटोवाला मागच्या हिवाळ्यात वारला होता. स्टुडिओ आणि त्यावरची दोन खोल्यांची जागा एवढं घेऊन ती मागे राहिली होती. "काय पाठवत होते मी? कधीपासून?"

थोरलीने भांडी विसळता विसळता सांगितलं. जसं कुणा तिसऱ्याचंच सांगावं तसं. सांगून झालं तेव्हा धाकटी जमिनीवर बसली होती, गुडघ्यांत तोंड खुपसून.

"माझ्या नावानं? सगळं माझ्या नावानं? अगं, मी तर रागानं… मी तर तुम्हाला विसरायचा प्रयत्न करत होते, ताई!"

"ते तू उत्तम केलंस."

"बोल. हवं ते बोल. मी आत्ता जाऊन सांगते तिला."

"खबरदार!" थोरलीच्या हातातलं भांडं आपटलं. "तेवढ्यावरच ती जगलीय. तुझ्या एका वाक्यानं तिला मारू नकोस."

धाकटी बराच वेळ रडत राहिली. मग डोळे न उचलता म्हणाली, "एक मागू? रागावू नकोस. तिनं माझा चेहरा हातात घेतला ना… तसं मला कुणी… तो गेल्यापासून त्या जागेत माझी कुणी वाट बघत नाही. ती येते म्हणतेय, तर मी नेते तिला. माझ्या वाट्याचं नाही ते, कळतंय मला. तरी नेते."

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. मूठ उघडायचा मान अजून धाकटीचाच होता! तिला ओरडावंसं वाटलं, की अगं, माझी संध्याकाळ आहे ती… त्या खुर्चीकडे यायचं म्हणून तर मी रस्ता बघायला शिकले. ती नेलीस तर मी कुठल्या दारात मूठ घेऊन जाऊ?

"ने," ती म्हणाली. "बाकी सगळं तुझ्या नावावर आहेच. तेवढं एक राहिलं होतं."

दुसऱ्या दिवशी धाकटी बाजारात जाऊन आली आणि मोठ्या प्रेमाने तिने आईच्या हातात काचेचं एक सुरेख फूल ठेवलं. आईने ते चाचपलं. "छान आहे हो," म्हणाली आणि शेजारच्या टेबलावर ठेवून दिलं. गाणं म्हणाली नाही, गालावर फिरवलं नाही. थोरलीने ते पाहिलं. तिला वाटलं, जायच्या विचारात असेल.

*

निघायच्या दुपारी धाकटी रिक्षा आणायला गेली होती. थोरली अर्धी सुट्टी काढून आली होती. सामान बांधून झालं होतं. एका माणसाचं सगळं आयुष्य दोन पिशव्यांत मावलं होतं. आई हाताच्या खुर्चीत बसून होती, पाय पुढे करून, चप्पल घालून घ्यायला.

थोरली गुडघ्यांवर बसली आणि पट्टा लावू लागली.

"मूठ," आई म्हणाली.

"कसली मूठ?"

"धाकटी आल्यापासून एकदाही आणली नाहीस."

थोरलीचे हात थांबले. "मी कुठं आणत होते आई? ती पाठवायची…"

"थोरले." आईचा आवाज फार हळू होता. "लांबच्या गावाहून बसमधून गार येते होय गं?"

थोरलीने हातातला पट्टा कसाबसा लावून टाकला.

"त्या दिवशी पक्कं कळलं. पण खरं सांगू? मनात आधीपासूनच होतं. दिवसभर प्रवास करून आलेली वस्तू गरम असते का कधी? तो शंख गरम, तो खडा गरम… आणि स्पिरिटचा वास साबणानं जातो, असं तुला कुणी सांगितलं? डोळे गेले माझे. नाक शाबूत आहे."

थोरली उभी राहिली. तिला वाटलं होतं, हा दिवस कधी उगवला तर ती आईच्या गळ्यात पडून रडेल. पण आतून उसळून आला तो संताप… जुना, काळा, वर्षानुवर्षं थरावर थर चढलेला!

"तुला ठाऊक होतं? मग रोज मला का जाळलंस? 'तुला कधी काही दिसलं?' रोज! रोज विचारायचीस तू! कशाला?"

"घाबरून," आई म्हणाली. "रोज वाटायचं, आज तू चिडशील, सांगशील की मीच आणते. म्हणून धाकटीचं नाव आणखी मोठ्यानं घ्यायची. मला दोन मुली हव्या होत्या, थोरले. खरं बोलले असते तर एकच उरली असती."

"आणि जी उरली असती ती पुरली नसती?"

 आईच्या रिकाम्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलंही नाही.

थोरलीने शेवटचा प्रश्न विचारला. तो विचारताना तिचा आवाज इतका लहान झाला की जणू ती पुन्हा टाचा उंचावून कुणाच्या तरी मागे उभी होती. "तो सुतार गेला… तेव्हाही ठाऊक होतं?"

"त्या दिवशी तुझ्या मुठीत नुसती बोटं होती," आई म्हणाली. "गार पडलेली. काकूंकडून तो गेल्याचं नंतर कळलं. पण त्याच संध्याकाळी मला समजलं, की आज हिनं काहीतरी मोठं टाकून दिलंय, आणि तेव्हा मी एक शब्द बोलले असते तर… नाही बोलले. मला माफ करू नकोस."

"नाही करणार," थोरली म्हणाली.

आणि पुन्हा गुडघ्यांवर बसून तिने दुसऱ्या चपलेचा पट्टा लावला. घट्ट नको, सैल नको, असा. वर्षानुवर्षं लावत आली होती तसाच.

ती वाकलेली असतानाच आईचे हात तिच्या चेहऱ्यावर आले. कपाळावरून गालांवर उतरले, आणि थबकले. पुन्हा फिरले, काहीतरी शोधत, न सापडून…

"अगं… गाल कुठं गेले तुझे?"

थोरलीने आईची मनगटं धरली, पण हात बाजूला केले नाहीत.

"किती सुकलीस! मला तर तुझा तोच चेहरा दिसतो, डोळे जायच्या आधीचा, भरलेला. तो तुझा आहे असं धरूनच चालले. रोज तुझी मूठ उघडली, पण तोंडावरून एकदा हात फिरवावा…" आणि आईचा हुंदका असा फुटला की दोन्ही हातांत लेकीचा चेहरा धरून ती खुर्चीतल्या खुर्चीत हेलकावू लागली. "मला कळलंच नाही गं… मला कळलंच नाही!"

थोरली रडली. आईच्या तळहातांत, स्वतःच्या नावाने, पहिल्यांदाच. राग कुठे गेला नाही. तो तिथेच होता, तिच्याबरोबर रडत होता.

"मग जाऊ नकोस ना आता," ती कशीबशी म्हणाली.

"जाते. आजवर तुझ्या जिवावर बसून राहिले. धाकटी माझं करील, तिला गरज आहे करण्याची. आणि या घरात तुला धाकटीचं कौतुक ऐकवणारं कुणी उरणार नाही. तेवढं तरी देऊ दे मला. उशिरा देतेय, ठाऊक आहे."

बाहेर रिक्षा थांबली. धाकटी आत आली, दोघींचे चेहरे पाहून दारातच उभी राहिली. मग पिशवी उचलता उचलता थोरलीच्या कानाशी म्हणाली, "ताई, मी तुझं ऐकलं नाही. काल सांगितलं तिला. तिनं माझं तोंडच दाबलं. म्हणाली, 'गप्प बस, मला तुझ्याआधीपासून ठाऊक आहे. थोरलीशी माझं मीच बोलेन.'"

थोरलीने तिचे डोळे आपल्या बाहीने पुसले, लहानपणी पुसायची तसे, थोडे दांडगाईनेच. "ऐक. तिला दुकानातलं काही आणू नकोस. रस्त्यातलं आण. आणि पिशवीतून नाही… हातात धरून आण. घरापर्यंत."

धाकटीने मान हलवली. रिक्षा गल्लीच्या वळणापर्यंत दिसत होती. आईने मागे वळून हात हलवला, पण चुकून दुसऱ्याच दाराकडे तोंड करून.

*

घर एवढं मोठं होतं हे थोरलीला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी ती आईच्या खुर्चीत बसली. कधी बसलीच नव्हती. हात टेकवला आणि तिच्या झिजलेल्या बोटांना काहीतरी वेगळं लागलं. उजव्या हाताखाली, जिथे आईचा तळवा रोज फिरायचा, तिथली लाख केव्हाच उडाली होती. पण लाकूड उघडं पडलं नव्हतं. त्या जागी एक अशी काळसर, खोल, मऊ चमक चढली होती की जी थोरलीच्या हातून इतक्या वर्षांत एकाही खुर्चीला आली नव्हती. रोज संध्याकाळी, वाट पाहत, आईने नकळत घासलेला हात! एका हाताने काही झालंसं वाटूच नये, इतका पातळ…

ती वाट कुणाची होती? धाकटीची नव्हती. गारेच्या दिवसानंतर तर नव्हतीच.

थोरली अंधार होईपर्यंत त्या जागेवरून बोटं फिरवत राहिली.

सकाळी कारखान्यात जाण्याआधी ती बसस्टँडवर गेली. लांबच्या गाडीचा ड्रायव्हर चाकावर पाय ठेवून चहा पीत होता. इतकी वर्षं या माणसाचं नाव तिने रोज घेतलं होतं आणि आज त्याला पहिल्यांदा पाहत होती. जाड मिशा, एक कान किंचित मोठा. तिने मूठ उघडली. आत रंध्याचा एक छिलका होता, कुरळा, केसाच्या बटेसारखा.

"एवढं पोचवाल का?" तिने स्टुडिओचा पत्ता सांगितला.

ड्रायव्हरने छिलका उजेडात धरून पाहिला. "बाई, थट्टा करताय का? हा तर कचरा."

"हो. मोडू देऊ नका."

तो हसला, मान हलवली आणि छिलका शर्टाच्या खिशात ठेवून वर बटण लावलं. पोचेपर्यंत तो गार होईल, थोरलीच्या मनात आलं. होऊ दे. आता गार झाला तरी चालेल.

"कुणी दिलं म्हणून सांगू?"

तिचे ओठ जुन्या सवयीने उघडले, थांबले. घशाशी आलेलं ते दुसरं नाव तिने गिळलं.

"सांगा… थोरलीनं पाठवलंय."